पातं लवतं, मिटतं आणि उघडतच नाही

सोलापुरात एसटी स्टँडसमोरचा रस्ता आईने आजवर हजारदा ओलांडला असेल. त्या दिवशी भर दुपारी ती मधल्या दुभाजकापाशी थांबली आणि तिचे दोन्ही डोळे गच्च मिटले. समोरून रिक्षा येत होत्या, मागून बस हॉर्न मारत होती.

"उघड ना गं डोळे," मी म्हणाले.

"उघडत नाहीत."

मग तिने उजव्या हाताची दोन बोटं कानशिलावर दाबली, ओठातल्या ओठात भजनाची एक ओळ गुणगुणली, आणि डोळे किलकिले झाले. तेवढ्यात आम्ही पलीकडे गेलो. ती बोटं आणि ते गुणगुणणं तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिचं तिलाच सापडलं होतं. पापण्या मनाविरुद्ध आवळणाऱ्या या आजाराच्या जगभरातल्या रुग्णांना असंच काही ना काही सापडतं, हे मला पुढे कळलं. कोणी भुवई दाबतं, कोणी च्युइंगम चघळतं, कोणी शीळ घालतं. मेंदूला दुसरीकडून एखादी संवेदना मिळाली की पापण्यांची पकड क्षणभर सैल होते. डॉक्टरांच्या दृष्टीने ही निदानाची एक चांगली खूण असते.

त्या दिवसापर्यंत दोन वर्षं आईवर 'कोरडे डोळे' म्हणून उपचार चालू होते. तिच्या पर्समध्ये थेंबांच्या चार बाटल्या असायच्या. डोळ्यांत रेती गेल्यासारखं खुपायचं, उजेडात जाववायचं नाही, आणि तरीही गालावर पाण्याचे ओघळ. "एवढं पाणी गळतंय, आणि हे म्हणतात डोळे कोरडे," ती वैतागून म्हणायची. एका दवाखान्यात तिला "टेन्शन घेऊ नका" असं सांगून परत पाठवलं. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. डोळे कोरडे आहेत हे खरं होतं, आणि पापण्या ऐकत नाहीत हेही खरं होतं. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे कोणी समजावून सांगितलं नव्हतं. तो समजला की उपचारातले निम्मे गोंधळ सुटतात, म्हणून हा लेख.

आधी नाव. या आजाराला ब्लेफरोस्पॅझम म्हणतात. ग्रीक भाषेत ब्लेफरॉन म्हणजे पापणी, आणि स्पॅझम म्हणजे आपल्या मनाविरुद्ध आलेली आकडी, आवळ. डोळ्याभोवती कड्यासारखा एक गोल स्नायू असतो, ज्याच्यामुळे डोळा मिटतो. हा स्नायू आपल्याला न विचारता आवळला जातो. सुरुवातीला नुसती उघडझाप वाढते. घरचे म्हणतात, सारखे डोळे काय मिचकावतेस. मग मिटलेले डोळे थोडा वेळ मिटलेलेच राहू लागतात. आजार बहुधा पन्नाशी-साठीत सुरू होतो, पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त दिसतो, आणि शेवटी दोन्ही डोळ्यांना होतो. झोपेत आकडी थांबते. डोळ्याची नजर शाबूत असते, तरीही माणूस आंधळ्यासारखा होऊन बसतो, कारण दारच बंद.

आपल्याकडे 'डोळा लवतो' म्हणतात, आणि उजवा लवला की डावा यावरून शकुन-अपशकुन काढतात. ते हे नव्हे. ते एका पापणीचं बारीक फडफडणं असतं. जागरण झालं, चहा-कॉफी जास्त झाली की होतं आणि चार-आठ दिवसांत आपोआप जातं. अर्ध्या चेहऱ्याला, म्हणजे एकाच बाजूचा डोळा, गाल आणि ओठाचा कोपरा, असे झटके येत असतील तर तो तिसराच आजार. त्यात बहुतेक वेळा मेंदूच्या बुडाशी एखादी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेला टेकलेली असते, म्हणून त्याची तपासणीही वेगळी. हे तिन्ही एकाच पोत्यात भरले की माणसाची वर्षं वाया जातात.

आता अश्रूंकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

आपण अश्रू म्हणजे रडण्याचं पाणी समजतो. पण डोळ्यावर चोवीस तास अश्रूंचा एक पातळ थर असतो. किती पातळ? साधारण ३ मायक्रॉन. डोक्याचा एक केस त्याच्या सुमारे वीसपट जाड. एवढ्याशा थरावर आपली स्पष्ट नजर टिकून असते. तो थर बनवायला तीन ठिकाणांहून माल येतो. भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, हाडाच्या खोबणीत, बदामाच्या आकाराची अश्रूग्रंथी असते. ती पाणी देते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ त्वचेतल्या पेशी एक बुळबुळीत द्रव देतात. त्याच्यामुळे पाणी बुबुळाला धरून राहतं, नाहीतर अळूच्या पानावरून ओघळावं तसं ओघळून गेलं असतं. आणि पापणीच्या कडेला, पापण्यांच्या केसांच्या जरा मागे, तेलाच्या बारीक ग्रंथींची एक ओळ असते. वरच्या पापणीत तीस-एक, खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी. सतराव्या शतकात त्यांचं वर्णन करणाऱ्या मायबोम या जर्मन वैद्याच्या नावाने त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. त्यांचं तेल पाण्यावर पसरतं आणि वाफ होऊन उडून जाऊ देत नाही. दुधावर साय धरली की वाफ कोंडते, तसंच.

माल बनला, तरी तो पसरवायचा कोणी? पापणीने. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो. दर वेळी ती पाणी पुसून सारखं करते, ग्रंथी दाबून तेलाचा एक कण बाहेर काढते, आणि वापरलेलं पाणी नाकाकडच्या कोपऱ्यात ढकलते. तिथे वर-खाली दोन बारीक छिद्रं असतात, सुईच्या टोकाएवढी. आरशात खालची पापणी जरा ओढून पाहिली तर खालचं छिद्र दिसतं. तिथून पाणी नाकात उतरतं, म्हणून तर डोळ्यात थेंब टाकले की घशात कडू लागतं. आणि हे पाणी आत खेचणारा पंप कोणता? तोच डोळा मिटणारा गोल स्नायू.

म्हणजे अश्रू बनणं, पसरणं, टिकणं आणि वाहून जाणं ही चार कामं झाली. यातलं कुठलंही एक बिघडलं तरी रुग्णाच्या तोंडी वाक्य एकच येतं: डोळे खुपतात. आईच्या बाबतीत आधी सगळ्यांनी फक्त पहिल्या कामाकडे पाहिलं. पाणी कमी, म्हणून पाणी टाका. पापणी, म्हणजे उरलेल्या तिन्ही कामांची मालकीण, तिच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

आणि गालावरच्या पाण्याचं काय? तेलाचा थर फाटला की बुबुळ उघडं पडतं. शरीरातल्या सर्वांत हळव्या जागांपैकी ती एक. ते लगेच ओरड करतं आणि अश्रूग्रंथी बादली ओतावी तसं पाणी सोडते. पण हे आणीबाणीचं पाणी असतं, त्यात तेल आणि बुळबुळीतपणा पुरेसा नसतो. ते टिकत नाही, ओघळून जातं. पुन्हा कोरड, पुन्हा ओघळ. त्यामुळे डोळे गळणं आणि डोळे कोरडे असणं एकाच वेळी खरं असू शकतं.

हे आईला पटलं ते एका कागदाच्या पट्टीने. जर्मन डॉक्टर ओटो शिर्मर यांनी १९०३ साली सांगितलेली ही तपासणी आजही चालते. गाळणकागदाची एक अरुंद पट्टी टोकाला दुमडून खालच्या पापणीत अडकवतात, ५ मिनिटं थांबतात आणि ती किती मिलीमीटर भिजली ते मोजतात. आईच्या डोळ्यात पट्टी टोचली, पापण्या आवळल्या, पाणी धो धो आलं आणि पट्टी जवळजवळ पूर्ण भिजली. "बघा, मी सांगत होते," आई म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी थोडा वेळ जाऊ दिला, डोळा बधिर करायचा थेंब टाकला आणि दुसरी पट्टी लावली. आता टोचणंच नव्हतं, त्यामुळे आणीबाणीचं पाणीही नव्हतं. पट्टी ४ मिलीमीटरवर थांबली. "मावशी, हे तुमचं रोजचं पाणी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पिवळ्या रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात पाहिलं. पापणी न लववता धरलेल्या डोळ्यावर रंगाचा तो सारखा थर १० सेकंद तरी टिकायला हवा. आईचा चौथ्या सेकंदाला फाटला, जुन्या भिंतीचे पोपडे सुटावेत तसे काळे डाग दिसू लागले. मला त्यांनी ते दुसऱ्या नळीतून दाखवलं. दोन वर्षांची तक्रार मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली.

आता या दोन्हींना जोडणारी दोरी. मला स्वतःला हे कळलं तेव्हा सगळं चित्र एकदम लागलं.

कांदा चिरताना काय होतं ते आठवा. कांद्याचा उग्र वायू बुबुळाला झोंबतो. ही खबर मेंदूकडे नेणारी नस म्हणजे ट्रायजेमिनल, डोक्यातल्या बारा जोड्यांपैकी पाचवी. मेंदूच्या देठात ती खबर पोचते आणि तिथून सातव्या नसेला, म्हणजे चेहऱ्याच्या नसेला, दोन हुकूम सुटतात. एक, पापणी मिटा. दोन, पाणी सोडा. पापणी मिटणारा स्नायू आणि अश्रूग्रंथी, दोघांकडे जाणारे धागे याच सातव्या नसेतून निघतात. आणि टोकाशी पोचल्यावर हुकूम बजावण्यासाठी दोन्हीकडे रसायनही तेच सुटतं, अ‍ॅसिटिलकोलिन. एकच नस आणि एकच रसायन, कामं मात्र दोन. पुढे औषधांच्या वेळी हे वाक्य लागणार आहे, लक्षात असू द्या.

तर बुबुळ कोरडं पडलं की पापणी जास्त लवते. यात चूक काही नाही, उलट शहाणपण आहे. जास्त वेळा पुसलं की थर जाड होतो. निरोगी माणसाच्या डोळ्यात कचरा गेला तरी एका टोचणीला दोन-तीनदा पापणी लवते. पण मेंदूला 'पुरे' म्हणणारीही एक यंत्रणा आहे. मेंदूच्या खोल भागात बेसल गँग्लिया नावाचे पेशींचे पुंजके असतात, आणि हालचालींना लगाम घालण्यात त्यांचा मोठा हात असतो. ब्लेफरोस्पॅझममध्ये हा लगाम सैल असतो. भुवईजवळच्या नसेला विजेचा एक सौम्य झटका दिला की पापणी लवते. लगेच, अर्ध्या सेकंदाच्या आत, दुसरा झटका दिला तर निरोगी माणसात दुसरी लव बरीच दबलेली असते. ब्लेफरोस्पॅझमच्या रुग्णांत ती तितकी दबत नाही, जवळजवळ पहिल्याइतक्याच जोराने येते. 'पुरे' हा शब्दच त्यांच्या मेंदूत हळू आवाजात उच्चारला जातो.

म्हणून शास्त्रज्ञ याकडे दोन घावांचा आजार म्हणून पाहतात. एक घाव आतला, सैल लगामाचा; तो जन्मजात कल असू शकतो किंवा वयानुसार आलेला. दुसरा बाहेरचा: कोरडा डोळा, पापणीची सूज, काहीतरी सततची टोचणी. १९९७ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात हे नेमकं दिसलं. उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन, म्हणजे हालचाली सांभाळणारं एक रसायन, किंचित कमी केलं आणि पापणी मिटणारा स्नायू थोडा दुबळा केला. यातलं एकच केलं तेव्हा आकडी आली नाही. दोन्ही एकत्र केल्यावर ब्लेफरोस्पॅझमसारखी आकडी आली. त्याच्या आदल्याच वर्षी डॉक्टरांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली होती. तोंड वाकडं झाल्यावर, म्हणजे बेल्स पाल्सीनंतर, त्या माणसाची एका बाजूची पापणी नीट मिटत नव्हती, आणि पुढे त्याला ब्लेफरोस्पॅझम जडला. डॉक्टरांनी त्या दुबळ्या पापणीत सोन्याचं एक छोटं वजन बसवलं, जेणेकरून ती वजनाने खाली येऊन मिटावी. पापणी मिटू लागली आणि आकडी कमी झाली. मेंदूला हातही न लावता. ही हकीकत वाचली त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. आईच्या साध्या कोरडेपणाकडे सुरुवातीलाच नीट लक्ष दिलं असतं तर, हा विचार जात नव्हता.

पण इथे प्रामाणिक राहायला हवं. कोरडे डोळे असलेल्या बहुसंख्य लोकांना ब्लेफरोस्पॅझम कधीच होत नाही. आतला घाव नसेल तर नुसत्या कोरडेपणाने आकडी येत नाही. आणि ज्यांना हा आजार आहे, त्यांच्या डोळ्यांची तपासणी नेहमी तक्रारीएवढी वाईट निघतेच असं नाही. कित्येकांची पट्टी व्यवस्थित भिजते, तरी खुपणं असह्य असतं. त्यांच्यात संवेदना नेणारी वाटच जास्त हळवी झालेली असते. उजेड सहन न होणं हाही त्याच हळवेपणाचा भाग. म्हणून "तपासणीत काही नाही, तुमच्या मनाचं आहे" हे उत्तर चुकीचं. याच उत्तराने या रुग्णांची पिढ्यान्‌पिढ्या फरफट केली. फ्रेंच डॉक्टर हेन्री मेज यांनी १९१० साली पापण्या आणि जबडा दोन्ही आवळणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं होतं, तरी पुढची कित्येक दशकं अशा लोकांना मानसोपचाराकडे धाडलं जायचं. १९७६ साली लंडनच्या डेव्हिड मार्सडेन यांनी ठामपणे मांडलं की हा मेंदूतल्या हालचालींच्या यंत्रणेचा आजार आहे, डिस्टोनिया आहे. ताणामुळे तो वाढतो हे खरं. पण ताणाने दमाही वाढतो, म्हणून दमा मनाचा ठरत नाही.

उपचारांत आज सर्वांत भरवशाचं म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन, लोकांच्या तोंडचं बोटॉक्स. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट तिरळे डोळे सरळ करण्यासाठी यावर काम करत होते. १९८९ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिरळेपणा आणि ब्लेफरोस्पॅझम या दोन्हींसाठी त्याला मान्यता दिली. सुरकुत्यांची जाहिरात खूप नंतरची. अगदी बारीक सुईने पापण्यांभोवती थोडं थोडं औषध टोचतात. ते नसेच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन बाहेर पडू देत नाही. हुकूम पोचत नाही, स्नायू सैल पडतो. दोन-चार दिवसांत फरक दिसू लागतो आणि साधारण तीन महिन्यांनी नस पुन्हा कामाला लागली की परत टोचावं लागतं.

आता ते लक्षात ठेवलेलं वाक्य काढा: एकच नस, एकच रसायन. औषध अडवतं ते रसायन फक्त स्नायूचं नाही. वरच्या पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यातून औषध आत झिरपलं तर अश्रूग्रंथीलाही हुकूम पोचत नाही आणि पाणी आणखी घटतं. जेवताना डोळ्यांतून पाणी गळण्याचा एक विचित्र त्रास काहींना असतो, त्यावर डॉक्टर हेच औषध मुद्दाम ग्रंथीत टोचतात, यावरून त्याची ताकद समजेल. शिवाय स्नायू जास्तच सैल झाला तर पापणी पूर्ण मिटत नाही. झोपेत फट राहते आणि बुबुळाचा खालचा भाग रात्रभर वाळतो.

पण उलटही घडतं, आणि मला हे फार विलक्षण वाटतं. तोच सैल पडलेला स्नायू पाणी नाकात खेचणारा पंपही असतो. पंप मंदावला की आहे ते पाणी डोळ्यावर जास्त वेळ टिकतं. शिवाय सततची आवळाआवळ थांबल्याने घर्षणही थांबतं. म्हणून काहींचा कोरडेपणा इंजेक्शननंतर चक्क कमी होतो. एकच औषध एकाचे डोळे ओले करतं, दुसऱ्याचे कोरडे. सुई कुठे टोचली, किती औषध गेलं आणि त्या माणसाची मूळची अश्रूंची शिल्लक किती, यावर सगळं ठरतं. म्हणून इंजेक्शनआधी अश्रूंची तपासणी झालेली असावी आणि प्रत्येक खेपेला आधीच्या वेळी काय झालं ते टोचणाऱ्याला सांगता यावं. आईसाठी मी एक साधी वही केली आहे. तारीख, कितव्या दिवशी डोळे उघडे राहू लागले, कितव्या दिवशी खुपायला लागलं, पापणी लोंबली का. दुसऱ्या खेपेनंतर खुपणं फार वाढलं होतं. वही पाहून डॉक्टरीणबाईंनी पुढच्या वेळी बाहेरच्या कोपऱ्यातलं औषध कमी केलं आणि पापणीच्या कडेलगत टोचलं. फरक पडला.

गोळ्यांचंही तेच. डिस्टोनियासाठी मेंदूचे डॉक्टर कधी ट्रायहेक्सीफेनिडिल देतात. ती अ‍ॅसिटिलकोलिनचं काम शरीरभर दडपते. तोंडाला कोरड पडते, आणि डोळ्यांनाही. आधीच ४ मिलीमीटर भिजणाऱ्या डोळ्याला हे परवडत नाही. सर्दी-खाज यांवरच्या काही गोळ्या, झोप किंवा नैराश्यासाठी दिलेली काही औषधं यांचाही असाच परिणाम होतो. मेंदूच्या डॉक्टरांना वाटतं डोळ्यांचे डॉक्टर पाहतायत, डोळ्यांच्या डॉक्टरांना गोळ्यांची यादी माहीतच नसते. दोन्ही कागद दोन्हीकडे दाखवायचे, हे काम घरच्यांनी अंगावर घ्यायला हवं. औषध मात्र स्वतःहून बंद करायचं नाही.

थेंबांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे पैसे आणि डोळे दोन्ही वाया जातात. डोळ्यावर मुळात ७ मायक्रोलीटरच्या आसपास पाणी असतं, आणि बाटलीतला एक थेंब त्याच्या चार-पाचपट मोठा असतो. म्हणजे दुसरा थेंब लगेच टाकला की तो थेट गालावर. दुसरं औषध टाकायचं असेल तर पाच मिनिटं जाऊ द्यावीत. बऱ्याच बाटल्यांत जंतू वाढू नयेत म्हणून बेंझाल्कोनियम क्लोराइड घातलेलं असतं. दिवसातून एक-दोनदा चालतं, पण सात-आठ वेळा टाकायचं असेल तर तेच रसायन बुबुळाच्या पृष्ठभागाला इजा करतं. अशांसाठी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब मिळतात. महाग पडतात, तरी सारखे टाकावे लागत असतील तर तेच घ्यावेत. आणि मेडिकलवाल्याकडून 'डोळे लाल झालेत' म्हणून आणलेले स्टेरॉइडचे थेंब कधीही नाही. आराम लगेच वाटतो, पण डॉक्टरांच्या देखरेखीविना ते चालू राहिले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि गेलेली नजर परत येत नाही.

तेलाच्या ग्रंथींसाठी उपाय घरातला आहे. थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजतं आणि बाटली उन्हात ठेवली की पातळ होतं. या ग्रंथींतलं तेलही तसंच घट्ट होऊन अडकतं. सोसवेल इतक्या कोमट पाण्यात बुडवून पिळलेला सुती रुमाल मिटल्या डोळ्यांवर आठ-दहा मिनिटं धरायचा, गार झाला की पुन्हा बुडवायचा. मग बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर हलकेच निपटायची. आई हे रोज सकाळी चहाआधी करते. बोटॉक्सच्या दिवशी आणि नंतरचे एक-दोन दिवस मात्र चोळाचोळ करायची नाही, औषध नको तिथे पसरू नये म्हणून.

उजेडासाठी तिला काळ्या गॉगलची सवय लागली होती, घरातसुद्धा. ती सोडवावी लागली, कारण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना उजेड आणखी खुपतो. त्याऐवजी एफएल-४१ नावाची गुलाबी छटेची काच असते. ती निळ्या-हिरव्या उजेडातला, ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्याला सर्वांत जास्त टोचणारा पट्टा अडवते. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात ब्लेफरोस्पॅझमच्या रुग्णांवर ती वापरून पाहिली, आणि उजेडाचा त्रास व आकडी कमी झाल्याचं दिसलं. आईचा चष्मा पाहून नात तिला 'हिरॉइन आजी' म्हणते.

याहून जास्त लागलं तर पुढची पायरी आहे. पाणी वाहून नेणाऱ्या छिद्रांत बारीक बूच बसवतात, दाह कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात, रुग्णाच्याच रक्तातल्या सीरमपासून, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पिवळसर पाण्यापासून, थेंब बनवतात. इंजेक्शनांनी भागलंच नाही तर पापणीचा स्नायू काही प्रमाणात काढण्याची शस्त्रक्रियाही आहे. आणि डोळ्यांबरोबर तोंडही सतत कोरडं असेल, सांधे दुखत असतील, तर शोग्रेनचा आजार आहे का हे रक्ततपासणीने पाहायला हवं. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळ ग्रंथींवर हल्ला करते. डोळा अचानक खूप दुखू लागला, लाल झाला, नजर धूसर झाली किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा. कोरड्या बुबुळावर जखम व्हायला वेळ लागत नाही.

आईचा आजार बरा झालेला नाही, होईल असं कोणी सांगितलेलंही नाही. दर तीन महिन्यांनी आम्ही जातो. तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बोटं परत कानशिलाकडे जाऊ लागतात. इंजेक्शननंतरचे पहिले पंधरा दिवस रात्री झोपताना ती डोळ्यांत जेल घालते, पंखा पायांकडे वळवून घेते, कूलरचा झोत तोंडावर येणार नाही असा लावते. ती झोपली की मी मोबाइलचा उजेड ओढणीच्या घडीत धरून तिच्या चेहऱ्याजवळ नेते आणि खाली वाकून दोन्ही पापण्यांमधली रेघ बघते. मागच्या दोन खेपांना डाव्या डोळ्यात नखाच्या कडेएवढी पांढरी फट दिसायची आणि मी वहीत लिहायचे. परवा पाहिलं, तर दोन्ही बाजूंनी पापण्या नीट टेकलेल्या होत्या. तेही लिहून ठेवलं.